पाणी कोणाच्या हद्दीत?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगी मला पाण्याविषयी बोलावयास सांगितले आहे. मी शाळेत भूगोल शिकवितो, तेव्हा विषय अगदीच परका नाही. परंतु बेळगावच्या नळाची रडकथा आपण सर्वजण घरी ऐकतच असतो. ती येथे पुन्हा कशाला? म्हणून मी आपणांस जरा दूर, न्यूझीलंडला नेतो. तेथील लोकांनी पाणी, जमीन आणि त्यांत मिसळणारी घाण यांचा कारभार नीट लावण्याचा मोठा यत्न केला आणि तरीही एका गावात घात झाला. तो कसा झाला, हे आपल्या कामाचे आहे.

त्या देशात १९४१ च्या कायद्याने नदीखोऱ्यांसाठी मंडळे स्थापन झाली. पूर आवरणे आणि डोंगरउतारावरची माती धरून ठेवणे, हे त्यांचे काम. पुढे १९८९ साली प्रादेशिक परिषदा आल्या आणि त्यांच्या सीमा शक्यतो पाणलोटावरून आखण्यात आल्या. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. कागदावर रेघ ओढून तालुका करता येतो, पण डोंगरावरचा पाऊस त्या रेघेची परवानगी घेऊन वाहत नाही. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावून म्हादई गोव्यात जाते. तिच्या वाटपासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला आणि त्याचा निवाडा यावयास २०१८ साल उजाडले.

१९९१ च्या कायद्याने या परिषदांच्या हाती बरेच काही दिले. नदीतून वा जमिनीखालून मोठ्या प्रमाणावर पाणी उपसायचे, कारखान्याचे सांडपाणी सोडायचे, तर परिषदेचा परवाना हवा. दूषित जमिनी हुडकणे हेही तिचेच काम. तेथे पूर्वी मेंढ्यांच्या अंगावरील किडे मारण्यासाठी त्यांस सोमल घातलेल्या पाण्याच्या हौदात बुचकळीत असत. हौद बुजले, मालक बदलले, पण सोमल मातीतच राहिला. अशा जागांची यादी परिषदा ठेवतात. घरासाठी जागा घेणाऱ्याने ती पाहावी. मात्र त्या जागेवर घर बांधू द्यावयाचे की नाही, हे ठरविते स्थानिक नगर किंवा जिल्हा परिषद. नोंद एकाकडे, परवानगी दुसऱ्याकडे. मेख इथेच आहे.

न्याय करावयाचा तर त्यांच्या चांगल्या कामाचाही उल्लेख हवा. टाऊपो नावाचे त्यांचे विस्तीर्ण सरोवर आहे. भोवतीच्या कुरणांतील जनावरांच्या मूत्रातला नत्र जमिनीत मुरून, काही ठिकाणी कित्येक दशकांनी, सरोवरात उतरतो. पाणी हिरवे पडण्याची वाट न पाहता वायकाटो परिषदेने प्रत्येक शेतावर नत्राची मर्यादा घातली आणि माणसाच्या हाती असलेला नत्र शेकडा २० ने कमी करण्यासाठी सार्वजनिक पैसा उभा राहिला. शेतकरी कोर्टापर्यंत भांडले, पण २०११ साली नियम पक्के झाले.

आता हॅवलॉक नॉर्थची गोष्ट. हॉक्स बे प्रांतातले हे सुमारे १४,००० वस्तीचे टुमदार गाव. भूगर्भातले पाणी शुद्धच असते, अशी तेथील लोकांची श्रद्धा. म्हणून बोअरचे पाणी क्लोरीन न घालता तसेच नळाला सोडीत. १९९८ मध्ये नव्हे काय, असे कोणी म्हणेल तर तेही खरे आहे: त्या वर्षीही तेथल्या पाण्याने माणसे आजारी पडली होती. पण ते विसरले गेले. ऑगस्ट २०१६ च्या आरंभी मुसळधार पाऊस झाला. कुरणांतील मेंढ्यांची विष्ठा वाहून जवळच्या एका तळ्यात गेली, तळ्यातून जमिनीत झिरपली आणि तेथून बोअरमध्ये शिरली. चौकशी मंडळाच्या अंदाजाने सुमारे ५,५०० माणसे जुलाब व पोटदुखीने आजारी पडली, ४५ जणांस इस्पितळात न्यावे लागले आणि तिघांच्या मृत्यूस हा आजार कारण झाला असावा.

दोष कोणाचा? नळ चालवीत होती हेस्टिंग्ज जिल्हा परिषद. भूजलाची राखण आणि बोअरचा परवाना प्रादेशिक परिषदेकडे. परवान्यात बोअरचे तोंड नीट राखण्याची अट होती. ती पाळली जाते की नाही, हे प्रादेशिक परिषदेने पुरेसे पाहिले नाही. जिल्हा परिषदेनेही आपल्या विहिरीभोवतालचे धोके ओळखले नाहीत. दोन कचेऱ्यांत धड बोलणेही नव्हते. चौकशी चालू असताना तर एकीने दुसरीवर खटला भरला आणि मग तो मागे घेतला! आजारी म्हाताऱ्या माणसांस त्या खटल्याचा काय उपयोग होता, कोण जाणे. पुढे २०२१ साली पिण्याच्या पाण्यावर देखरेख करण्यासाठी ‘तौमाता अरोवाई’ ही स्वतंत्र संस्था कामास लागली. प्रादेशिक परिषदांवरचे सावट मात्र सरले नाही: नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने त्यांचे निवडून आलेले सभासद काढून महापौरांची मंडळे नेमण्याची योजना मांडली. कचेरीची पाटी बदलल्याने दोघांतली फट बुजेल, असे मला वाटत नाही.

आपल्याकडेही नळ एकाचा, भूजल दुसऱ्याचे आणि प्रदूषण १९७४ च्या कायद्याने नेमलेल्या तिसऱ्याच मंडळाचे. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपण सर्वांनी पाहिली आहे. १९२४ च्या अधिवेशनास आलेल्या पाहुण्यांसाठी ती खोदली. त्या काळी विहिरीभोवती गाव बसे. नळ आले आणि गावातल्या कितीतरी विहिरी कचऱ्याच्या धनी झाल्या.

आपल्या संस्थेच्या आवारातली विहीर तशी झालेली नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे पुण्य. लग्नकार्यात तिचेच पाणी वापरतो आणि सुटीत मुलेही पितात. पण मागच्या गल्लीचे गटार तिच्यापासून किती हातांवर आहे, हे कोणी मोजले आहे काय? महोत्सवी निधीतून कठड्याला नव्या फरशा बसविण्याचा ठराव झाला आहे. माझी विश्वस्तांस विनंती आहे की, फरशांच्या आधी पाण्याची तपासणी व्हावी, एकदा मृगापूर्वी आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि तिचा कागद सभागृहाच्या दाराशी, सर्वांस वाचता येईल असा लावावा. नमुना प्रयोगशाळेत नेण्याचे काम माझे विद्यार्थी आनंदाने करतील.