शरीराची आवक-जावक

श्रोतेहो, किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून टोचले की ते सर्वांगात सारखे पसरते आणि यथाकाल आपोआप नाहीसे होते, अशी जी समजूत पुष्कळांच्या मनात असते, ती वस्तुस्थितीला धरून नाही. शरीराला किरणोत्सर्ग मुळी ओळखूच येत नाही. त्याला कळते ते द्रव्याचे रासायनिक रूप, आणि तेवढ्यावरूनच कोणाला दाखल करून घ्यावे व कोणाची रवानगी करावी, याचा निवाडा ते एखाद्या मुरलेल्या मामलेदाराप्रमाणे करीत असते.

आयोडीन-१३१ चेच पाहा. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सर्गी कोणते, हा भेद गळ्यातील अवटु ग्रंथीला करता येत नाही. निरोगी माणसात ती दिलेल्या मात्रेचा सुमारे चतुर्थांश चोवीस तासांत ओढून घेते, आणि उरलेला बहुतेक भाग मूत्रावाटे निघून जातो. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या नात्याने हाडांत शिरते. फॉस्फरसही तिकडेच वळतो; पण रसायनशास्त्रज्ञ हेवेशी यांनी १९३५ मध्ये कोपनहेगन येथे उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन असे दाखविले, की हाडांतला फॉस्फरसही कायमचा वस्तीला नसतो, त्याची अदलाबदल अखंड चालूच असते.

यास्तव द्रव्याचे स्वतःचे अर्धायुष्य किती, एवढे विचारून भागत नाही. शरीर त्यातले अर्धे किती दिवसांत बाहेर टाकते, हेही विचारावे लागते. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२ वर्षांहून अधिक. परंतु पाण्याच्या रूपाने आलेले ट्रिटियम मूत्र, घाम व श्वास यांवाटे सुमारे दहा दिवसांत निम्मे होते. याच्या नेमके उलट थोरोट्रास्टचे. क्ष-किरणचित्रांत रक्तवाहिन्या स्पष्ट उमटाव्यात म्हणून थोरियम डायॉक्साइडचे हे औषध १९३० नंतर अनेक देशांत सर्रास टोचले गेले. त्याचे सूक्ष्म कण यकृतात व प्लीहेत जाऊन बसले आणि ते बाहेर काढण्याचा मार्ग शरीरापाशी जवळजवळ नव्हताच. टोचताना रुग्णाला त्रास झाला नाही, हीच त्या काळी निर्धोकपणाची सनद मानली गेली; यकृताचे कर्करोग उद्भवले ते वीस-तीस वर्षांनी.

आयोडीनचा उरलेला भाग मूत्रावाटे निघून जातो, म्हणूनच आज रुग्णालयात किरणोत्सर्गी आयोडीन दिल्यावर भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका आणि शौचकूपात पाणी दोनदा सोडा, असे जे बजावितात, त्यात, श्रोतेहो, कृपा करून हयगय करू नका.