नजरेचा वेग

धावत्या आगगाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्यास रुळांलगतचे तारेचे खांब मागे पळताना दिसतात; दूरचे डोंगर मात्र जागचे हालत नाहीत. खांब पळत नाहीत हे लहान मुलासही ठाऊक असते, कारण खांब त्याच्या ओळखीचा असतो. पण खाली अथांग समुद्र आणि मध्ये एक अनोळखी ठिपका, अशी स्थिती झाली म्हणजे अनुभवी वैमानिकाचीही नजर फसते.

२०१५ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नौदलाच्या लढाऊ विमानातून अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने टिपलेली 'गोफास्ट' ही चित्रफीत याचे उत्तम उदाहरण होय. तीत एक उजळ ठिपका जणू लाटांना लगटून विलक्षण वेगाने जाताना दिसतो. वैमानिकांचे विस्मयोद्गारही ऐकू येतात. २०२० साली तेथील संरक्षण खात्याने ती अधिकृतपणे प्रसिद्ध केली; आणि 'नासा'ने नेमलेल्या, डेव्हिड स्पर्गेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२३ च्या अहवालात तिची छाननी केली.

समितीने ठिपक्याइतकेच लक्ष पडद्यावरील आकड्यांकडे दिले. विमानाची उंची २५,००० फूट, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूचे अंतर, एवढ्या सामग्रीवर शालेय त्रिकोणमितीने काम भागते. वस्तू समुद्रालगत नव्हतीच. ती सुमारे १३,००० फुटांवर होती. २२ सेकंदांत ती सुमारे ३९० मीटर सरकली, म्हणजे तिचा वेग ताशी ४० मैलांच्या आसपास. त्या उंचीवर वाराही एवढ्या वेगाने वाहतो. उरलेली सारी धाव विमानाची होती! शिवाय अवरक्त कॅमेरा उष्णतेचे चित्र काढतो. त्या वेळच्या मांडणीत थंड वस्तू उजळ दिसत होती. अर्थात ती समुद्राहून थंड होती आणि इंजिनाच्या उष्णतेचा तेथे मागमूसही नव्हता.

मग ती वस्तू होती तरी कोणती? समितीने तिला नाव दिले नाही. जेवढे मोजता आले तेवढेच सांगून ती थांबली, आणि हेच शोधकाचे खरे शील होय.

वेग आभासी ठरला म्हणून वैमानिक खोटे ठरत नाहीत. त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले. उपहासाच्या भयाने असे लोक मौन धरू लागले, तर आकाशातील खरे संकटही नोंदीवाचून राहील, ही चिंता त्याच अहवालात व्यक्त झाली आहे. पाहणाऱ्याने निर्भयपणे सांगावे आणि मोजणाऱ्याने निर्विकारपणे मोजावे; या दोहोंच्या मेळातूनच सत्याचा मार्ग निघतो.