साखर ओळखणारी पट्टी
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी शास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत आलेला माणूस आहे. पण आज आपल्या घराघरांत ग्लुकोमीटर आहे आणि त्याच्या आकड्यावर कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवतो. तो आकडा येतो कसा, हे आपल्याला माहीत हवे.

पट्टीवर एन्झाइम, म्हणजे विकर असते. रक्तातल्या असंख्य पदार्थांतून ते ग्लुकोज निवडते आणि त्याच्यावर क्रिया करते. त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह मिळतो. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. मीटर तो मोजतो.

अडचण अशी होती की विकर पाण्यात विरघळून निघून जाते. १९६२ मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी ते पातळ पडद्यांमध्ये इलेक्ट्रोडपाशी धरून ठेवण्याची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ते जेलमध्ये बसवले. आपले चायना ग्रास आठवा. दिसायला घट्ट, पण आत बारीक जाळी आणि भरपूर पाणी. विकराचा रेणू मोठा, म्हणून जाळीत अडकतो. ग्लुकोजचा लहान, म्हणून सहज आत शिरतो. त्यामुळे तेच विकर पुन्हा पुन्हा कामाला येते. दंडावर लावायचा सेन्सर अनेक दिवस चालतो, तो अशाच जेलच्या थरामुळे. बोटाच्या रक्ताची पट्टी मात्र एकदाच वापरायची असते. तिच्यावर विकराचा सुकवलेला थर असतो.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखणारे जैवसंवेदक तयार झाले. त्यात जिवाणूंच्या पेशींतले विकर वापरले होते.

आता घरची गोष्ट. विकर नाजूक असते. उष्णता आणि दमट हवेने ते बिघडते, आणि सुरतचा भाद्रपद किती दमट, हे मी सांगायला नको. म्हणून पट्टी काढली की डबीचे झाकण लगेच लावा. मुदत संपलेली पट्टी वापरू नका. दुसरे म्हणजे, विकराला रक्तातले ग्लुकोज आणि बोटाला लागलेले ग्लुकोज यांतला फरक कळत नाही. प्रसादाची फळे कापून तसेच बोट टोचले, तर आकडा फुगतो. त्यावर जादा इन्सुलिन घेतले, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते.

म्हणून आधी साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा. आकडा विचित्र वाटला, तर पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना विचारा.

गणपती बाप्पा मोरया!