स्थिर काय ठेवावयाचे?

रायपूरच्या शंकरनगरात राहणाऱ्याला भिलाई म्हणजे तासाभराची वाट. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून तेथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मी अभियंता नव्हे. तरीही ही भट्टी चालविणाऱ्यासमोरचा प्रश्न मला फार आपलासा वाटतो.

वरून दल्ली-राजहऱ्याचे खनिज, कोक आणि चुनखडी टाकावयाची, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडावयाचा. हेतू असा की कमीत कमी कोकात चांगले लोखंड निघावे. पण ‘हित’ दाखविणारा काटा कोणत्याही भट्टीवर नसतो. मग नजर कशावर ठेवावी?

सोपे उत्तर आहे : दर खेपेचे कोकाचे वजन ठरवून द्यावे. तराजू हाताशीच आहे! आता पावसाळा येतो. कोक भिजतो. काट्यावर वजन तेच भरते, पण त्यात पाण्याचा वाटा वाढून कार्बन घटलेला असतो. कागदोपत्री सारे स्थिर, आणि भट्टी मात्र निवत चाललेली. तिचा तळच गोठला तर हानीला सीमा नाही.

म्हणून जाणते लोक निघालेल्या लोखंडातील सिलिकॉन पाहतात. भट्टीत उष्णता अधिक, तर लोखंडात सिलिकॉन अधिक. ते वाढले की कोक वाया चालला असे समजावे. फार उतरले की धोका जवळ आला. ते मर्यादेत राखले की ओला कोक, बदलते खनिज, साऱ्यांचा हिशेब आपोआप होत जातो. अडचण एवढीच, की हे मोजमाप लोखंड बाहेर पडल्यावरचे, आणि वरून टाकलेला कोक खाली पोहोचावयास काही तास लागतात. तोवर झोताचे तपमान आणि त्यातील वाफ कमीअधिक करून सांभाळून घ्यावे लागते.

नॉर्वेतील प्राध्यापक सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००० साली ह्या विचाराला शास्त्रशुद्ध रूप दिले. १९८० मध्ये मोरारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे सूतोवाच केले होते. त्यांचे म्हणणे असे, की जी राशी स्थिर ठेवली असता परिस्थिती बदलूनही नुकसान थोडेच होते, ती निवडावी. ती सहज मोजता यावी, आपल्या हालचालीला तिने ठळक प्रतिसाद द्यावा, आणि तिचे इष्ट मूल्य परिस्थितीनुसार फारसे हलू नये. जेथे हित मर्यादेच्या टोकालाच असते, तेथे ती मर्यादाच धरावी. निवडीचा प्रश्नच नाही. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिटी हेच करते. आच थोडी कमीजास्त झाली तरी ती दाब राखते.

एका कचेरीत मी असताना महिन्याला निकाली निघालेल्या फायलींची संख्या आम्ही अशीच धरून बसलो होतो. संख्या सुरेख राहिली. सोप्या फायली सुटत, अवघड फायली शंका काढून परत जात. आणि परत गेलेली फाइलही निकालीच मोजली जाई. एक विधवा बाई निवृत्तिवेतनासाठी तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा मी तो तक्ता बाजूला सारून प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या अर्जाची तारीख लिहून आणावयास सांगितले. सर्वांत जुना अर्ज त्यांचाच होता.