पाणी आमच्या उंबऱ्याला कधी येणार?

कामं आवरली असतील तर घटकाभर बसा, नाहीतर हातातलं काम चालू ठेवून ऐका.

मार्च महिन्यात आमच्या बचत गटाला इंजिनिअरिंग कॉलेजमधून निरोप आला, "हॅकेथॉनला या." ऐकूनच आमच्यातल्या निम्म्याजणी घाबरल्या. हॅक म्हणजे ओटीपी सांगितला आणि खात्यातले पैसे गेले, एवढंच आम्हाला ठाऊक. मग तिथल्या मॅडमनी फोनवर समजावलं. हॅक आणि मॅरेथॉन या दोन शब्दांचा हा जोडशब्द. मुलामुलींनी गट करायचे, एक अडचण घ्यायची आणि दीड-दोन दिवस न थांबता तिच्यावर कॉम्प्युटरचा उपाय तयार करायचा. यंदाचा विषय होता, संकटात सापडलेल्या माणसांना मदत. आम्ही कृष्णाकाठच्या. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै आम्ही अंगावर काढलाय. म्हणून आम्हाला बोलावणं. चौघीजणी गेलो.

सुरुवातीला मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आमच्या मनात राहिल्या. 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा श्रीलंकेतल्या प्रोग्रॅम करणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन 'सहाना' नावाची व्यवस्था उभी केली. कोण बेपत्ता आहे, कुठल्या छावणीत काय कमी आहे, याची नोंद एका जागी ठेवायची. पुढे 2010 साली हैतीत भूकंप झाला. तिथल्या राजधानीचा नीट नकाशा मिळेना, तर जगभरातल्या लोकांनी घरी बसून, उपग्रहाचे फोटो बघून रस्ते काढून दिले. ही माणसं तिथं कधी गेलीही नव्हती. म्हणजे लांबूनही उपयोगी पडता येतं.

मग पोरं कामाला लागली. एका गटानं पुराचं ॲप दाखवलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी त्यात दिसायची. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, लाल पट्टी. दिसायला सुरेख. आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "बाळ, 45 फूट झालं म्हणजे पाणी माझ्या उंबऱ्याला आलं का?"

पोरगा गप्प झाला.

मैत्रिणींनो, काठावर राहणाऱ्या प्रत्येकीला आपला आकडा माहीत असतो. खालच्या आळीत 43 ला पाणी येतं, देवळाच्या पायरीला 46 ला. आमच्या शाळेत 50 पर्यंत येत नाही, म्हणून सगळे तिथं जाऊन बसायचे. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि शाळाही बुडाली. पुलावरचा आकडा सरकारी असतो, उंबऱ्याचा आकडा आपला. या दोन्हींची जोड घातल्याशिवाय त्या लाल पट्टीचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न फोनचा. "हे बघायचं कुणी?" आम्ही विचारलं. मोठा फोन मुलाकडे, तो कामावर. सासूबाईंना वाचता येत नाही. पूर आला की पहिल्यांदा लाईट जाते, मग चार्जिंग. पोरांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. एक मुलगी म्हणाली, "काकू, हे आधी कळलं असतं तर रात्रभर वेगळंच केलं असतं." आम्ही म्हटलं, "अजून एक रात्र आहे की."

दुसऱ्या एका गटानं नकाशा केला होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या घरावर लाल ठिपका, म्हणजे होडीवाल्यांना पटकन सापडेल. हेतू चांगलाच. पण तो नकाशा कुणालाही उघडून बघता येणार होता. आम्ही विचारलं, "हा ठिपका चोरालाही दिसणार ना?" पुरात कितीतरी माणसं घर सोडत नाहीत, ती जनावरांसाठी आणि चोरीच्या भीतीनं. एकटी बाई कुठं राहते ही माहिती मदतीची, तशीच धोक्याचीही. ती ठरावीक माणसांकडेच हवी. त्या पोरांनी ऐकलं आणि नकाशाला कुलूप घातलं.

पहिल्या गटानं रात्रीतून आपलं ॲप बाजूला ठेवलं. नवीन काय केलं? प्रत्येक घराचा फोन नंबर आणि त्या घराचा आकडा लिहायचा. पुलावरचं पाणी त्या आकड्याच्या दोन फूट खाली आलं की साध्या फोनवर रिंग वाजते आणि आमच्याच काकूंचा आवाज येतो : "पाणी येतंय. जनावरं सोडा, कागदपत्रं घ्या, औषधं विसरू नका." वाचायची गरज नाही, इंटरनेट नको. बक्षीस मिळालं, दुसरं. पहिलं कुणाला मिळालं, ते आम्ही विसरलो.

आता खरी गोष्ट ऐका. बक्षीस झालं की पोरांच्या परीक्षा येतात आणि असली कामं तिथंच राहून जातात. म्हणून आम्ही त्यांच्या मागं लागलो. मे महिन्यात आमच्या आळीत चाळीस घरांची चाचणी घेतली. एकतीस घरांत फोन वाजला, नऊ घरांत नाही. पोरं हिरमुसली. आम्ही त्या नऊ घरी जाऊन आलो. कुठं रिचार्ज संपलेला, कुठं नंबर बदललेला, एका घरात फोन सुनेकडे आणि सून माहेरी. एका आजींना रिंग ऐकूच येत नाही.

म्हणजे यंत्रानं एकतीस घरं सांभाळली, उरलेली नऊ आपली. त्या प्रत्येक घराचं दार वाजवायला आम्ही एकेक बाई नेमली आहे. नावं वहीत आहेत, वही गटाच्या पेटीत. महिन्याचा फोनचा खर्च गटाच्या वर्गणीतून, आणि नंबर तपासायचे दर महिन्याच्या बैठकीत, हप्ता गोळा करतानाच.

मृग तोंडावर आलाय, मैत्रिणींनो. तुमच्या गावात हॅकेथॉन होवो न होवो, या आठवड्यात दोन कामं करा. मागच्या पुरात पुलावर किती फूट असताना पाणी आपल्या उंबऱ्याला लागलं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा. आणि शेजारच्या कुठल्या घरात फोन वाजणार नाही, ते बघून ठेवा. तिथलं दार कुणी वाजवायचं, ते आजच ठरवा.

आणि कॉलेजातल्या पोरापोरींनो, तुम्हीही ऐकत असाल. पुढच्या वेळी आम्हाला बक्षीस समारंभाला नको, पहिल्या दिवशी सकाळी बोलवा. चहा आम्ही आणू.