शेजार कोठे होता?

(मांडवी, रत्नागिरी येथे वाचनमंडळाच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



पंधरवड्यापूर्वी याच जागेत आपण एक चित्रपट पाहिला आणि तो संपल्यावर फारसे न बोलता घरोघर गेलो. नंतर कोणी जेट्टीवर भेटले, कोणी बाजारात, आणि ज्याने त्याने आपापले मत ऐकविले. ती मते इतकी परस्परविरोधी होती, की मंडळाच्या चिटणीसांनी मला त्यांवरच बोलावयास सांगितले. मी चित्रपटांचा समीक्षक नव्हे. माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. तेव्हा चित्रपटाच्या कलागुणांविषयी मी थोडेच बोलेन. तो पाहून आपले काय झाले, याविषयी मात्र मला बोलावयाचे आहे.

जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. 'व्हेन द विंड ब्लोज' हा १९८६ सालचा ब्रिटिश चित्रपट. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९८२ च्या चित्रकथेवरून तो तयार झाला. हाताने काढलेल्या चित्रांचा, म्हणजे आपण ज्याला कार्टून म्हणतो त्या जातीचा. दिग्दर्शक जिमी मुराकामी हे जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबले होते, आणि त्या डांबलेल्यांत लहानगे मुराकामीही होते. सरकारवर भाबडा विश्वास ठेवणाऱ्या माणसांची गोष्ट अशा गृहस्थांनी सांगावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गोष्टीत माणसे दोनच: जिम आणि हिल्डा ब्लॉग्ज. इंग्लंडच्या खेड्यात राहणारे निवृत्त जोडपे. युद्धाची बातमी येते तसा जिम वाचनालयातून सरकारी पत्रके आणतो आणि त्यांबरहुकूम घरातली दारे उचकटून, ६० अंशांचा कोन साधून ती भिंतीला टेकवून आडोसा उभारतो. खिडक्यांना पांढरा रंग फासतो. हिल्डाला काळजी पडद्यांची आणि उशांची. बॉम्ब पडतो. दोघेही त्यातून वाचतात आणि मदत येईल म्हणून वाट पाहात बसतात. नळाला पाणी नाही, म्हणून पावसाचे पाणी साठवून पितात. किरणोत्सर्गाने हिरड्यांतून रक्त येऊ लागते, केस गळू लागतात. प्रत्येक लक्षणाला जिमपाशी एक समजूत तयार असते. शेवटी दोघे प्रार्थना पुटपुटत आडोशात शिरतात. एवढेच.

ती पत्रके ब्रिग्ज यांच्या कल्पनेतून आलेली नव्हती. 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' या नावाची पुस्तिका ब्रिटिश सरकारने १९८० मध्ये खरोखरच प्रसिद्ध केली होती, आणि दारे तिरपी टेकवून आडोसा करण्याचा सल्ला तीत आहे. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी त्याच वर्षी 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' हे प्रत्युत्तर लिहिले. सरकार सांगत होते, स्वतःचा बचाव करा आणि जगा. थॉम्पसन यांचे म्हणणे, निषेध करा, तरच जगाल.

आता आपल्या प्रतिक्रियांकडे वळतो.

पहिली प्रतिक्रिया हसण्याची. पहिला अर्धा तास या दालनात चांगलाच हशा पिकत होता. जिम कोन मोजू लागला तेव्हा सर्वांत मोठ्याने मीच हसलो असेन. संवाद इंग्रजी असल्याने चित्रपट मधूनमधून थांबवून मी मराठीत सांगत होतो, आणि ते सांगण्यातही माझ्या स्वरात थोडी थट्टा होती. पुढे हशा विरत गेला. हिल्डाच्या केसांचा पुंजका तिच्या हाती आला तेव्हा मी काही सांगावयास उठलो आणि काही न सांगताच खाली बसलो.

घरी गेल्यावर मला वर्षभरामागची गोष्ट आठवली नसती, तर हे व्याख्यान मी स्वीकारले नसते. ७ मे २०२५ रोजी केंद्र सरकारच्या सूचनेवरून देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. सरावाच्या जिल्ह्यांच्या यादीत आपल्या रत्नागिरीचेही नाव होते. त्या सुमारास मी वर्तमानपत्रातील सूचना कात्रीने कापून ठेवल्या. विजेरी तपासली, औषधे एका पिशवीत भरली, पाण्याच्या बाटल्या ओळीने लावल्या. हे सारे करण्यात एक प्रकारचे समाधान होते, ते मी नाकारीत नाही. आमच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. त्यांना कानांनी कमी ऐकू येते. त्या दोन-तीन दिवसांत त्यांचे दार ठोठवावे, हे मला एकदाही सुचले नाही. जिमला हसणारा मी असा होतो.

दुसरी प्रतिक्रिया आपल्यातील काही शिक्षक-मित्रांची. 'हे मुलांना दाखवू नका,' असे ते म्हणाले. कार्टून म्हणून काहींनी नातवंडांना सोबत आणले होते आणि मध्येच त्यांना उठवून न्यावे लागले. त्यांची चूक झाली असे मी म्हणणार नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला झोप न येईल असे दाखविण्यात कसला पुरुषार्थ? परंतु या आक्षेपाला दुसरीही बाजू आहे. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला; वडील, बहीण आणि भाऊ त्यात गेले. त्यांनी पुढे 'बेअरफूट गेन' ही चित्रकथा लिहिली आणि १९८३ मध्ये तिच्यावर असाच चित्रांचा चित्रपट निघाला. जपानमधील मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ मध्ये ही चित्रकथा शालेय ग्रंथालयांतील खुल्या कपाटांतून काढावयास लावली. गंमत अशी, की मुख्य आक्षेप बॉम्बच्या भीषण दृश्यांना नव्हता. जपानी सैनिकांनी परदेशांत केलेल्या अत्याचारांच्या चित्रांना होता. २०१३ मध्ये देशभर टीका झाली तेव्हा निर्बंध मागे घेण्यात आला. मुलांचे मन जपण्याच्या नावाखाली मोठी माणसे पुष्कळदा स्वतःची लाज जपत असतात. आठवी-नववीच्या मुलांनी हे पाहावे, मात्र आईवडिलांसह पाहावे आणि नंतर तासभर बोलल्याशिवाय त्यांना घरी पाठवू नये, असे माझे मत आहे.

तिसरी प्रतिक्रिया मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती चळवळीत आयुष्य घालविलेल्या एका ज्येष्ठ मित्राची आहे. ते म्हणाले, 'सर, इतके निराश करून काय साधले? ज्याच्या शेवटी काहीच करण्यासारखे उरत नाही, अशा कलाकृतीने लोक घाबरून घरी बसतात. भीतीतून संघटना उभी राहात नाही.' यात तथ्य आहे. भीती दाखवून मते मागणारे आणि भीती दाखवून शस्त्रे विकणारे आपण पाहतो. तथापि या चित्रपटाने मला भयापेक्षा वेगळे काही दिले, आणि ते काय, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आणून दिले चौथ्या प्रतिक्रियेने.

मांडवीतच मासळी विकणाऱ्या एक मावशी त्या दिवशी मागच्या बाकावर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला थांबवून विचारले, 'त्या दोघांना शेजार नव्हता काय हो, सर?'

मी उत्तर देऊ शकलो नाही. चित्रपट पुन्हा एकदा पाहिला. खरोखरच, दीड तासाच्या आत संपणाऱ्या त्या कथेत जिम-हिल्डाच्या दारात एकही माणूस येत नाही आणि ती दोघेही कोणाच्या दारात जात नाहीत. मग मी ती मूळ पुस्तिका काढून वाचली. तिचा उपदेश असा: आपापल्या घरातच राहा. घर सोडून गेलात तर तुमच्या रिकाम्या घराचा ताबा स्थानिक प्राधिकरण घेऊ शकेल, आणि ज्या नव्या ठिकाणी जाल तेथे निवारा किंवा अन्न मिळणार नाही. आडोसा ज्याचा त्याने उभारावा, १४ दिवसांचे अन्नपाणी ज्याचे त्याने साठवावे. म्हणजे जे संकट साऱ्या समाजावर येणार, त्याची जबाबदारी एकेका कुटुंबावर वाटून टाकलेली. ज्याच्या घरी तळघर आहे त्याला तळघर, ज्याच्या घरी दारे आहेत त्याला दारे. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही त्याचे काय, याला पुस्तिकेत फारसे उत्तर नाही. सुरक्षितता ही बाजारातील वस्तूसारखी खाजगी झाली, की असेच होते. जिम-हिल्डा बॉम्बमुळे मरतात हे खरे. परंतु ती एकटी मरतात, याची सोय मात्र त्या पुस्तिकेने आधीच करून ठेवली होती.

आपल्या कोकणाला संकटाच्या सूचना नव्या नाहीत. बंदरावर धोक्याचा बावटा चढतो तो सर्वांना दिसतो. तो कोणा एकाच्या नावाचा नसतो. एका नौकेवरचा माणूस दुसऱ्या नौकेला हाक घालतो. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाने या किनाऱ्यावरची माणसे आणि नौका नेल्या. ज्यांच्यापर्यंत बावटा पोहोचत नाही त्यांचे काय होते, हे तेव्हा आपण पाहिले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा अनेकांना पहिला आसरा मिळाला तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या घरात. सरकारी यंत्रणा नको, असा याचा अर्थ मी काढीत नाही. यंत्रणा हवीच आणि ती वेळेवर हवी. परंतु सूचना माणसांना एकत्र आणणारी असते किंवा एकेकटे करणारी असते, आणि हा भेद आपण करावयास शिकले पाहिजे.

हाच भेद मला याच जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातील माडबनच्या प्रश्नात दिसतो. घाई करू नका, मित्रहो; अणुबॉम्ब आणि अणुवीज एक नव्हेत, आणि त्यांना एक ठरवून टाळ्या घेण्यात अर्थ नाही. मला बोलावयाचे आहे ते हिशेबाविषयी. ९,९०० मेगावॉटच्या त्या नियोजित प्रकल्पासाठी पाच गावांची जमीन घेण्यात आली आणि भरपाईचा धनादेश ज्याचा सातबारा त्याच्या नावे निघाला. अनेकांनी तो नाकारला. पण समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? नाट्याच्या मच्छिमारांची जमीन जात नव्हती, म्हणून भूसंपादनाच्या हिशेबात त्यांना जागा नव्हती. १८ एप्रिल २०११ रोजी साखरीनाटे येथे गोळीबार होऊन एक माणूस मेला, तेव्हा जपानमधील फुकुशिमाच्या अपघाताला जेमतेम पाच आठवडे झाले होते. माडबनला आजही एकही अणुभट्टी उभी नाही. पुढे काय होईल, हे मी सांगू शकत नाही. पण जे सर्वांचे आहे ते ज्या हिशेबात कोणाचेच नसल्यासारखे गळून जाते, तो हिशेब अपुरा आहे, एवढे खात्रीने सांगू शकतो.

आणि हा हिशेब मी स्वतः शिकविला आहे. प्रकल्पाचे लाभ आणि खर्च यांची तुलना करताना भविष्यातील रकमा आजच्या मूल्यात आणाव्या लागतात. दरसाल दहा टक्के दर धरला, तर शंभर वर्षांनंतर होणाऱ्या एक कोटी रुपयांच्या नुकसानीचे आजचे मूल्य सुमारे ७२५ रुपये भरते. हे गणित मी फळ्यावर कितीतरी वेळा सोडविले आणि विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. गणितात चूक काहीच नाही. परंतु पणतवंडांचे कोटीचे नुकसान सव्वासातशे रुपयांत मिटविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारला नाही, आणि तो विचारला जावा अशी तजवीज मीही केली नाही. जिमने कोन मोजला. मी दर मोजत होतो.

माझ्या ज्येष्ठ मित्रांना माझे उत्तर एवढेच आहे. चित्रपटाच्या शेवटी काही करण्यासारखे उरत नाही, हे खरे. पण चित्रपटाच्या आरंभी पुष्कळ काही करण्यासारखे असते. जिम वाचनालयात जातो, पत्रक उचलतो आणि सरळ घरी येतो. त्याच वाचनालयात तो खुर्ची ओढून बसला असता, दुसऱ्या कोणाला ते वाचून दाखविले असते आणि 'हे तुम्हाला पटते का?' असे विचारले असते, तर? त्याने बॉम्ब टळला असता असे मी म्हणत नाही. परंतु १९८० नंतर युरोपभर जे लाखो लोक अण्वस्त्रांविरुद्ध रस्त्यावर आले, त्यांचा आरंभ असा चार माणसांनी मिळून एखादे पत्रक वाचण्यातूनच कोठेतरी झाला असणार. चित्रपट निराश करतो तो एकट्याने पाहणाऱ्याला. आपण तो पन्नासजणांनी मिळून पाहिला, आणि एका मावशींनी असा प्रश्न विचारला जो अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचला नव्हता.

म्हणून मंडळापुढे दोन लहान सूचना ठेवतो. मांडवीत एकटी राहणारी वृद्ध आणि आजारी माणसे किती, कोणत्या घरात आणि त्यांच्या जवळचे दार कोणाचे, याची यादी आपण पावसाळ्यापूर्वी करावी. आणि यापुढे कोणतीही सरकारी सूचना, मग ती वादळाची असो, भूसंपादनाची असो वा युद्धाची, या दालनात मोठ्याने वाचली जावी आणि तिच्यावर प्रश्न विचारले जावेत.

यादीतील पहिले नाव मी देतो. आमच्या शेजारच्या त्या गृहस्थांचे दार मी गेल्या आठवड्यात ठोठावले. त्यांना ऐकू यायला बराच वेळ लागला. दार उघडल्यावर त्यांनी आधी मला बसायला खुर्ची दिली आणि मग विचारले, 'इतक्या वर्षांनी कसे काय येणे केलेत?'