नाव ही अमानत आहे



धंदा वाढविण्याच्या दोन वाटा पाहा. १९३३ साली मिकी माउसचे चित्र वापरण्याचा परवाना घेऊन इंगरसोल कंपनीने घड्याळे काढली. घड्याळ बनविण्याची विद्या तिची स्वतःचीच होती. हे लायसेन्सिंग. १९५२ साली केंटकीच्या सँडर्स यांनी सॉल्ट लेक सिटीतील हॉटेलवाल्याला कोंबडी तळण्याची आपली कृतीच शिकविली. हे फ्रँचायझिंग.

समोरच्याला काम येत असेल, फक्त तुमचे नाव हवे असेल, तर परवाना पुरे. गुण तुमच्या कृतीत असेल, तर ती आधी लिहून काढा, माणसे शिकवा, देखरेख ठेवा. त्याआधी ट्रेडमार्क नोंदवा. वडिलांनी सचोटीने कमावलेले नाव ही अमानत आहे. चार पैशांसाठी ती कोणाच्याही हाती सोपवू नका.